पाहुण्यांना काय दाखवावे?

‘पाहुणा’ हा शब्द कानी पडताच आपल्या मराठी घरात दोन गोष्टी एकदम जाग्या होतात, एक आनंद आणि दुसरी धांदल. पाहुणा येणार म्हटले की अंगण झाडले जाते, पलंगावर नवी चादर पडते, चांगल्या कपबश्या कपाटातून खाली येतात आणि जे जे बरे दिसत नाही ते ते मागल्या खोलीत ढकलले जाते. यात गैर काही नाही. पाहुण्याचा मान राखण्याची ती एक रीत आहे. परंतु मागल्या खोलीत आजारी म्हातारी झोपलेली असेल आणि तिच्या खोकण्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून दार ओढून घेतले जात असेल, तर मात्र आपल्या आतिथ्यात काहीतरी बिघडले आहे असे म्हणावे लागेल. घराच्या बाबतीत हा भेद आपल्याला चटकन कळतो. गावाच्या बाबतीत तो इतका चटकन कळत नाही, आणि आज गावेच्या गावे पाहुण्यांच्या तयारीला लागलेली असताना तो समजून घेण्याची गरज निर्माण झाली आहे.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले, तेव्हा पर्यटन म्हटले की लेणी, किल्ले, थंड हवेची ठिकाणे आणि समुद्रकिनारा एवढेच डोळ्यांसमोर येई. प्रेक्षणीय स्थळ हे निसर्गाने किंवा इतिहासाने घडवलेले असे. ते कोणी ठरवून ‘करीत’ नसे. आता तसे राहिलेले नाही. गावाला ‘क’ वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा मिळावा म्हणून खटपट होते. दर्जा मिळाला की निधी येतो, निधी आला की सिमेंटची कमान उभी राहते, पेव्हर ब्लॉक बसतात आणि चौकात इंग्रजी ‘आय लव्ह’च्या पुढे गावाचे नाव जोडलेली रंगीत अक्षरे झळकू लागतात. (आपल्या गावावर आपले प्रेम आहे हे गावातल्या गावात, परभाषेत आणि विजेच्या दिव्यांनी लिहून का ठेवावे लागावे, हे कोडे मला अद्याप सुटलेले नाही.)

अर्थात सगळेच प्रयत्न कमानीपाशी थांबत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे गाव. तेथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, गावकऱ्यांना बरोबर घेऊन, २००२ च्या सुमारास ती अंडी राखण्याचे काम हाती घेतले. पुढे पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला माणसे येऊ लागली आणि गावातल्या घरांतूनच त्यांची राहण्याजेवणाची सोय होऊ लागली. घरात शिजेल ते पाहुण्याने जेवायचे, अशी ती साधी व्यवस्था. सातारा जिल्ह्यातील भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय या ग्रंथगावाचा आदर्श त्यामागे होता. लोकांनी आपल्या घराच्या खोल्या पुस्तकांसाठी मोकळ्या करून दिल्या. कासव वेळासचेच होते. पुस्तके भिलारची नव्हती, पण भिलारने ती आपल्या घरात घेतली. दोन्ही ठिकाणी जे दाखवायचे होते ते दाखवण्यासाठी दुसरे काही झाकावे लागले नाही, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

परंतु ज्या गावापाशी कासव नाही, डोंगर नाही, थंड हवा तर मुळीच नाही, त्याने काय करावे?

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याने निघाले की कोराडी लागते, आणि तेथून थोड्याच अंतरावर, सावनेर तालुक्यात, खापरखेडा. महानिर्मितीचे औष्णिक विद्युत केंद्र ही या गावाची ओळख. २१० मेगावॅटचे पहिले दोन संच १९८९-९० च्या काळात सुरू झाले, तसेच आणखी दोन २०००-०१ मध्ये आले, आणि ५०० मेगावॅटचा पाचवा २०११ मध्ये. सगळी मिळून क्षमता १३४० मेगावॅट. शेजारच्या कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत ते वेगळेच. भोवताली सिल्लेवाडा, वलनी, पिपळा ही नावे कोळशाशी जोडलेली. भानेगावला खुली खाण. या टापूत ‘वेकोलि’ म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स, हे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. वाचकहो, आपण वसईत असा, पुण्यात असा किंवा अहिल्यानगरात, ज्या दिव्याखाली आपण हे पान वाचत आहात त्या दिव्यात या गावच्या कोळशाचा आणि घामाचा काही अंश असण्याचा संभव पुष्कळ आहे. 

कोळसा जळला की वीज शहरांकडे जाते आणि राख गावाकडे राहते. आपल्याकडच्या कोळशात शेकडा तीस ते चाळीस भाग राखच असते. ती पाण्यात कालवून नळांतून वाहून नेतात आणि मोठ्या तलावांत साठवतात. खापरखेड्याच्या राखेचा असा तलाव वारेगावला आहे. उन्हाळ्यात वारा सुटला की वाळलेली राख उडते, आणि अंगणात वाळत घातलेल्या सांडग्यांवर बसते. गावाच्या नावातच ‘खापर’ आहे. त्यामुळे सगळ्या जिल्ह्याच्या धुराचे खापर आमच्याच माथी फुटते, असा एक कडवट विनोद येथे ऐकू येतो.

येथील वसाहतींतून राहणाऱ्या कॅथोलिक कुटुंबांशी माझा पुष्कळ वर्षांचा संबंध आहे. कोणी केरळातून आले, कोणी तामिळनाडूतून, कोणी छोटा नागपूरच्या पठारावरून. त्यांची मुले येथेच वाढली आणि आता घरात मल्याळममध्ये रागावून घेतात व बाहेर नागपुरी वळणाच्या मराठीत भांडतात. यांतीलच काही तरुणतरुणी आणि गावातील त्यांचे हिंदू, बौद्ध, मुसलमान सोबती यांनी एकत्र येऊन परिसराच्या पर्यटनाचे एक माहितीपत्रक तयार करायला घेतले. कल्पना मोठी धूर्त होती, चांगल्या अर्थाने धूर्त. आपल्या गावात पाहण्यासारखे फार नसेल, पण आपल्या गावाभोवती आहे. तेव्हा मुक्काम खापरखेड्याला करा आणि येथून सगळीकडे जा. बिना गावाजवळचा कन्हान, कोलार आणि पेंच या नद्यांचा संगम, कोराडीचे जगदंबेचे मंदिर आणि तेथेच ५ जुलै २०२३ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालेले रामायण सांस्कृतिक केंद्र, आदासाचा गणपती, विदर्भाचे पंढरपूर म्हणून ओळखले जाणारे धापेवाडा, रामटेक, पेंचचे जंगल, आणि हिवाळ्यात काटोल-कळमेश्वरकडील संत्र्यांचे बगीचे. जेवायला सावजी रस्सा आणि सकाळी तर्री-पोहे, हे वेगळ्या रंगात छापलेले.

यामागे हौस नव्हती, पोटाचा प्रश्न होता. भूमिगत खाणी एकेक करून थकत चालल्या आहेत. वीजकेंद्राचे सर्वांत जुने संच पस्तीस वर्षांचे झाले. ते केव्हा तरी थांबणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. बापाला जी नोकरी मिळाली ती मुलाला मिळणार नाही. मग चार खोल्या भाड्याने द्याव्या, एखादी गाडी चालवावी, खानावळ काढावी, असा विचार करणाऱ्या पोरांना पर्यटनाच्या धोक्यांवर प्रवचन देण्याचा अधिकार ज्याचे जेवण ठरलेल्या वेळी ताटात येते अशा माझ्यासारख्याला नाही.

माझ्याकडे ते पत्रक शुद्धलेखन तपासण्यासाठी आले होते. मुखपृष्ठावर कन्हानवरची संध्याकाळ होती, फार सुरेख. मी त्या जागी अनेकदा उभा राहिलो आहे. तेथून क्षितिजावर वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्यावाचून राहत नाहीत. छायाचित्रात त्या नव्हत्या. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “काढून टाकल्या फादर. फोटो खराब दिसून राहिला होता.”

आठवी आज्ञा खोट्या साक्षीला मना करते. आता या पत्रकात खोटा शब्द एकही नव्हता. संगम आहे, मंदिर आहे, संत्री आहेत. मग केवळ चिमण्या कापल्या म्हणून खोटी साक्ष झाली काय? येथे सेमिनरीत शिकलेली एक जुनी चर्चा मला उपयोगी पडली. संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात खरेदीविक्रीच्या न्यायाचा विचार करताना प्रश्न घेतला आहे, की विकणाऱ्याने आपल्या मालातील दोष सांगितलाच पाहिजे काय? त्यांचे उत्तर व्यवहारी आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर तो दोष घेणाऱ्याला दिसतोच. विकणाऱ्याने त्या मानाने किंमत कमी घेतली म्हणजे झाले, दवंडी पिटण्याची जरूर नाही. पण दोष लपलेला असेल आणि त्यापायी घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याच्या जिवाला धोका पोहोचणार असेल, तर तो सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. न सांगता विकणे हा अन्याय होय. सत्यकथनाचा सद्गुण संत थॉमस न्यायाच्याच परिवारात घालतात, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. खरे बोलणे हे समोरच्याचे आपण लागत असलेले एक देणे आहे.

या कसोटीवर चिमण्या हा एका डोळ्याचा घोडा ठरतो. त्या छायाचित्रातून कापल्या तरी पाहुणा गावात पाऊल टाकताच त्या दिसणार आहेत. त्या कापण्यात पापापेक्षा भाबडेपणाच अधिक. पण नदीचे काय? संगमाचे वर्णन करताना पत्रकात सहकुटुंब स्नानाचे निमंत्रण होते. या परिसरातील पाण्याचे आणि राखेचे नमुने घेऊन मंथन अध्ययन केंद्र आणि त्यांच्या सहकारी संस्थांनी २०२१ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. पारा, आर्सेनिक यांसारख्या द्रव्यांचे प्रमाण अनेक ठिकाणी मर्यादेबाहेर आढळल्याचे त्यात नमूद आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांनी नांदगावच्या राखेच्या तलावाला भेट दिली आणि तेथे राख टाकणे थांबवण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी जुलैच्या पावसात कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बांध फुटला आणि राखेचे पाणी शेतांत आणि वस्त्यांत शिरले. या गोष्टी वर्तमानपत्रांत छापून आलेल्या आहेत. त्या सांगण्यात धाडस नाही. पण दुरून येणारा पाहुणा त्या वाचून येत नाही. नदी संध्याकाळच्या उन्हात सोन्यासारखी दिसते आणि तिच्यात काय विरघळले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. हा लपलेला दोष आहे. लेकराला घेऊन पाण्यात उतरा, असे आपण ज्याला लिहितो त्याला हे सांगणे आपण लागतो.

तथापि मला याहून खोल रुतलेला काटा वेगळाच आहे. पाहुणा म्हणजे केवळ गिऱ्हाईक नव्हे आणि गाव म्हणजे घोडा नव्हे. गाव आपले चित्र काढून जगापुढे ठेवते तेव्हा ते स्वतःविषयी साक्ष देत असते, आणि ती साक्ष सर्वांत आधी गावातलीच माणसे ऐकत असतात. ज्या मुलाचे वडील तीस वर्षे बॉयलरपाशी उभे राहिले, त्याला त्या मुखपृष्ठातून काय कळते? आपल्या वडिलांचे आयुष्य फोटो खराब करते, एवढेच.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात हिज्कीया राजाची गोष्ट आहे. तो मरणाच्या दारी पोहोचला होता. रडून त्याने प्रार्थना केली आणि देवाने त्याला आणखी आयुष्य दिले. त्याच्या आजारपणाची वार्ता ऐकून बाबेलच्या राजाने आपली माणसे भेट घेऊन पाठवली. हे पाहुणे कशासाठी आले होते? एका आजारी माणसाच्या समाचाराला. आणि हिज्कीयाने त्यांना काय दाखवले? सोने, रुपे, सुगंधी द्रव्ये, उंची तेले, शस्त्रागार. आपल्या वाड्यातील आणि राज्यातील एकही वस्तू दाखवायची त्याने ठेवली नाही. आजाराविषयी, प्रार्थनेविषयी, मिळालेल्या जीवदानाविषयी तो काही बोलल्याचा उल्लेख शास्त्रात नाही. पुढे यशया संदेष्टा येतो आणि राजाला खोदून विचारतो, की त्या लोकांनी तुझ्या घरात पाहिले तरी काय? दाखवलेले सारे एक दिवस बाबेलला वाहून नेले जाईल, असे तो बजावतो. या कथेवर गर्वाचे फळ म्हणून पुष्कळ प्रवचने झाली आहेत. मला मात्र वाटते की हिज्कीयाची चूक गर्वाइतकीच विसराळूपणाचीही होती. जी गोष्ट ऐकायला पाहुणे इतका प्रवास करून आले, तीच त्याने सांगितली नाही. दाखवण्याजोगे काय आहे हे ठरवताना त्याने स्वतःच्या जीवनाकडे न पाहता कोठाराकडे पाहिले.

ही गोष्ट मी त्या तरुणांना सांगितली तेव्हा तेथे बसलेल्या एका निवृत्त खाणकामगाराने मला मध्येच थांबवले. हा गृहस्थ ख्रिस्ती नाही. आमच्या गप्पांना येऊन बसतो इतकेच. तो म्हणाला, “म्हणजे आता माझा खोकला बी दाखवता का पाहुण्यायले?”

हा प्रश्न माझ्या सगळ्या युक्तिवादाला अडवून उभा राहिला. खरेच, झाकणे वाईट म्हणून उघडे पाडणे चांगले असे होत नाही. मुंबईत धारावीच्या गल्ल्यांतून परदेशी पाहुण्यांना फिरवून आणण्याचा व्यवसाय गेली अनेक वर्षे चालतो. त्यातून वस्तीविषयीचे गैरसमज दूर होतात असे काही म्हणतात आणि गरिबीचा तमाशा होतो असे काही म्हणतात. छायाचित्रे घेऊ नयेत असा नियम तेथे करावा लागला, यावरूनच प्रश्न किती नाजूक आहे ते कळते. दुसऱ्याचे दुःख पाहण्याची जी एक भूक माणसात असते ती करुणेहून वेगळी असते. कालवारीच्या टेकडीवरही बघ्यांची गर्दी होतीच.

पण त्याच शुभवर्तमानात याचे उत्तरही सापडते असे मला वाटते. पुनरुत्थानानंतर प्रभू येशू शिष्यांमध्ये येऊन उभा राहिला तेव्हा त्याने आपल्या जखमा झाकल्या नाहीत. हात दाखवले, कूस दाखवली. संत थॉमसला तर हात लावून पाहण्यास सांगितले. त्या जखमा दुसऱ्या कोणी दाखवलेल्या नव्हत्या. ज्याच्या होत्या त्याने, ज्यांना दाखवावेसे वाटले त्यांना, आपली ओळख म्हणून दाखवल्या. रोमी शिपाई उद्या तिकीट लावून त्या दाखवू लागले असते तर ती वेगळीच गोष्ट झाली असती. जखम तीच, पण कोण दाखवतो यावर तिचा अर्थ पालटतो. तेव्हा त्या वृद्ध कामगाराचा खोकला दाखवायचा की नाही हे पत्रक लिहिणाऱ्यांनी ठरवायचे नाही, मीही ठरवायचे नाही. त्याला बोलायचे असेल तर बोलण्याची जागा तेवढी आपण राखायची.

असे जगात घडलेले आहे. वेल्समधील ब्लेनाव्हन येथील ‘बिग पिट’ ही कोळशाची खाण १९८० मध्ये बंद पडली आणि तीनच वर्षांनी पाहुण्यांसाठी उघडली. तेथे पाहुण्यांना डोक्यावर टोप आणि दिवा देऊन तीनशे फूट खाली नेतात. बॅटरीवर चालणारे घड्याळसुद्धा वर काढून ठेवावे लागते, कारण नियम खऱ्या खाणीचे आहेत. वाट दाखवायला तेथे खाणीत काम केलेलीच माणसे असत आली आहेत. ती अंधाराविषयी, घोड्यांविषयी, लहान वयात खाणीत उतरलेल्या पोरांविषयी बोलतात. कोळशाचा तो सारा परिसर २००० साली जागतिक वारसा म्हणून मान्यता पावला. पोलंडमधील विएलिच्का ही मिठाची खाण तर आपल्या कॅथोलिक वाचकांनी आवर्जून जाणून घ्यावी अशी. तेथील कामगारांनी जमिनीखाली सुमारे शंभर मीटरवर मिठातच संत किंगाचे प्रार्थनामंदिर कोरले. १८९६ मध्ये सुरू झालेले ते काम कित्येक दशके चालले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ साली किंगाला संतपद दिले. या मंदिरात जाणारा पाहुणा खाण विसरून मंदिर पाहूच शकत नाही. ज्या मिठाने त्या माणसांची हातपायांची कातडी फाटली त्याच मिठाचा तो देव्हारा आहे.

आपल्याकडेही हा विचार अगदीच अपरिचित नाही. वेकोलि आणि पर्यटन महामंडळ यांनी २०१६ मध्ये करार करून सावनेरची भूमिगत खाण, गोंडेगावची खुली खाण आणि खाणीच्या जागेवर फुलवलेले उद्यान यांची सहल सुरू केली होती. खाण हीच पाहण्याची वस्तू होऊ शकते हे तेथे प्रथम मान्य झाले. पण उद्यानातल्या फुलांइतकीच जागा खाली उतरलेल्या माणसाच्या शब्दाला मिळाली पाहिजे.

आता बाजारपेठेतील एका दुकानदाराचा आक्षेप. तो म्हणाला, “राख छापली त येईन कोण, फादर?” हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सत्य सांगून गिऱ्हाईक गमावणाऱ्याच्या घरी चूल कशी पेटणार, याचा विचार न करता सत्याचा आग्रह धरणे ही स्वस्तातली नीती झाली. पहिल्या वर्षी पाहुणे कमीच येतील हे मला मान्य आहे. परंतु लाभ कोणाचा आणि धोका कोणाचा हेही पाहावे लागते. नदीबद्दल गप्प राहिल्याचा लाभ खानावळीला होईल आणि धोका परक्या मुलाच्या अंगावर येईल. तसला नफा घेऊन आपण रविवारी वेदीपुढे दान ठेवू शकत नाही.

आणि पाहुण्यांसाठी गाव स्वच्छ करायचे ठरले तर स्वच्छता कोणापासून सुरू व्हावी? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे: हिरव्या, नीटनेटक्या, सुरक्षित जागा काही थोड्यांच्या वाट्याला येतात आणि समाजाने टाकून दिलेले लोक जेथे राहतात त्या नजरेआडच्या भागांपर्यंत हे सौंदर्य पोहोचत नाही. किनाऱ्यावरच्या आपल्या बांधवांना हे नवे नाही. पर्यटकांच्या हॉटेलांना पाणी आणि शेजारच्या वाड्यातील विहीर कोरडी, या प्रश्नावर गोव्यात १९८० च्या दशकापासून लोक रस्त्यावर आले. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईचा लढा उभारला, तोही मुळात हाच प्रश्न विचारत, की ही जमीन, हे पाणी आधी कोणाचे? खापरखेड्यात पाहुण्यांच्या खोलीत गाळलेल्या पाण्याचे यंत्र बसेल. ते बसायलाच हवे. पण वारेगावच्या नळाला तसले पाणी येण्याआधी ते बसणार असेल, तर पाहुणा आपल्या यजमानाहून चांगले पाणी पिऊन जाईल, आणि अशा आतिथ्यात यजमानच परका होतो.

मम्रेच्या झाडांखाली अब्राहामाने तिघा अनोळखी वाटसरूंना जेवू घातले तेव्हा कणीक त्याच्या घरची होती आणि वासरू त्याच्याच कळपातले. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी लिहिलेल्या नियमावलीत त्रेपन्नावा अध्याय पाहुण्यांचा आहे. येणाऱ्या प्रत्येकाचे ख्रिस्त समजून स्वागत करावे, हे त्यातील सूत्र सर्वपरिचित आहे. पण त्याच अध्यायात पाहुण्यांचे स्वयंपाकघर वेगळे ठेवावे म्हणजे वेळी-अवेळी येणाऱ्यांमुळे बंधूंना त्रास होणार नाही, अशीही तजवीज आहे, आणि सांगितल्यावाचून कोणी पाहुण्यांशी बोलत बसू नये असेही आहे. सहाव्या शतकातील त्या साधूला ठाऊक होते की दार उघडे ठेवायचे असेल तर घर टिकले पाहिजे. गावालाही असे एक अंगण आणि एक माजघर असावे. पाहुण्याने कोठपर्यंत यावे हे गावाने सांगावे, आणि त्यात संकोच मानू नये.

या सगळ्या चर्चेनंतर माहितीपत्रकाचा तिसरा खर्डा सध्या फिरतो आहे. मुखपृष्ठावर नदी आहे आणि मागे चिमण्याही आहेत. एका मुलीने नवे छायाचित्र पहाटे काढले, त्यात धूर गुलाबी दिसतो. आतील एक पान वीज कशी तयार होते आणि राख कोठे जाते यासाठी ठेवले आहे. ते पान वीजकेंद्रातून निवृत्त झालेल्या एका तंत्रज्ञाने लिहिले असून माझ्या मते ते सर्वांत वाचनीय झाले आहे. तो वृद्ध कामगार महिन्यातून दोन रविवारी शाळांच्या सहलींशी बोलायला राजी आहे. त्याच्या अटी तीन: घरात कोणी यायचे नाही, फोटो काढायचा नाही, आणि मुलांनी आधी पोहे खायचे, मग विचारायचे. संगमाच्या पानावर आता स्नानाचे निमंत्रण नाही. पाण्यात उतरू नये आणि का उतरू नये हे सांगणारे एक वाक्य त्या जागी आले आहे. ते चित्राखाली मोठ्या अक्षरांत असावे असे मुलींचे म्हणणे, शेवटच्या पानावर सूचनांमध्ये असावे असे दुकानदारांचे. छपाई दिवाळीनंतर आहे, आणि त्या वाक्याच्या जागेसाठी आणखी एक बैठक व्हायची आहे.